मुखवट्याआडचा घाम
जिवंत देखाव्यातील मावळा असो वा दुकानापुढचे अस्वल. सोंग घेऊन उभे राहण्याच्या कामाचे शास्त्र, कष्ट आणि धोके

पुणे : गणेशोत्सवाचा सातवा-आठवा दिवस. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. बुधवार पेठेतील बेलबाग चौकातून दगडूशेठ हलवाई गणपतीकडे सरकणाऱ्या गर्दीला पुढचे पाऊल टाकायलाही जागा नसते. तुळशीबाग आणि तांबडी जोगेश्वरीचे दर्शन घेऊन निघालेली कुटुंबे मग आसपासच्या पेठांतील देखाव्यांकडे वळतात. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभारलेल्या मंचावर प्रतापगडाचा प्रसंग चालू असतो. ध्वनिक्षेपकावरून संवाद घुमतात, खान कोसळतो, टाळ्या पडतात आणि पडदा ओढला जातो. पडद्यामागे मेलेला खान उठून बसतो, घटाघटा पाणी पितो, कोणीतरी त्याच्या पाठीवर पुठ्ठ्याने वारा घालते. दहा मिनिटांनी त्याला पुन्हा मरायचे असते. रात्र संपेपर्यंत असे मरण त्याच्या वाट्याला दहा-बारा वेळा येते.

पुणेकरांना हे दृश्य इतके परिचयाचे आहे की, त्यामागे शरीराची कसोटी पाहणारे काम आहे, याचा विचार क्वचितच होतो. एरवी वर्षभर शहरात दिसणारी सोंगेही तशीच. लक्ष्मी रस्त्यावर सणासुदीला कापडाच्या दुकानापुढे हात हलवणारा विदूषक, वाढदिवसाला आलेला 'छोटा भीम', लग्नाच्या स्वागत समारंभात नाचणारे फुगीर अस्वल, खोपोलीच्या 'इमॅजिका'सारख्या मनोरंजन उद्यानात मुलांना कवेत घेणारे कापडी प्राणी. या सर्वांचे काम एकच. आपला चेहरा बाजूला ठेवून दुसऱ्याचे रूप तासन्‌तास वागवायचे आणि त्या रूपावरचा पाहणाऱ्याचा विश्वास ढळू द्यायचा नाही.

सोंगाची जुनी परंपरा

हे काम अमेरिकेतील उद्यानांनी शोधून काढले, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्राला मात्र सोंग नवे नाही. राजाचे, साधूचे, पोलिसाचे रूप घेऊन दारोदार फिरणारा बहुरूपी येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी समाजाची स्वतंत्र नोंद आहे. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा वासुदेव, कोकणातील दशावतारात सोंडेचा मुखवटा लावून रंगमंचावर येणारा गणपती आणि काळ्या रूपातील संकासुर, जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यातील बोहाड्यात रात्रभर नाचणारे देवदेवतांचे मुखवटे. ही सगळी त्याच घराण्यातील माणसे. बोहाड्यात तर मुखवटा घालून मिरवण्याला 'सोंग काढणे' असाच शब्द आहे.

पुण्याच्या गणेशोत्सवातही वेशधारी माणूस आरंभापासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उत्सवाला सार्वजनिक रूप आले, तेव्हा एकसारखा पोशाख करून पदे म्हणत फिरणारे मेळे हे त्याचे मोठे आकर्षण होते. पुढे मेळे मागे पडले आणि मूर्तींच्या देखाव्यांचा काळ आला. तुळशीबाग मंडळाने १९७५मध्ये फायबरची गणेशमूर्ती बसवली. ती साकारणारे डी. एस. खटावकर यांच्यासारख्या कलावंतांनी पेठांतील सजावटीला भव्यता दिली. विजेच्या मोटारीवर मान डोलावणाऱ्या आणि तलवार उगारणाऱ्या पुतळ्यांच्या 'हलत्या देखाव्यां'पुढे तासभर रांगा लागत. त्यानंतर पुतळ्याच्या जागी माणूस उभा राहिला आणि 'जिवंत देखावा' हा खास पुणेरी शब्दप्रयोग रूढ झाला.

हा बदल वरकरणी साधा वाटतो. पुतळ्याची मोटार बिघडली तर ती बदलता येते. माणसाने मात्र मोटारीइतक्याच अचूकतेने तीच हालचाल, त्याच शब्दावर, रात्रभर करायची असते. जिवंत देखाव्यातील श्रमाचे मूळ या अपेक्षेत आहे.

एका देखाव्याचे गणित

जिवंत देखावा हे नाटक नव्हे. नाटकात नट बोलतो. येथे बोलणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले असते. संहिता लिहून घ्यायची, आवाजाच्या कलाकारांकडून संवाद आणि निवेदन मुद्रित करायचे, त्यावर पार्श्वसंगीत चढवायचे आणि मग मंचावरील कलाकारांनी त्या आवाजाला ओठ व हातवारे जुळवायचे, अशी ही पद्धत आहे. प्रेक्षक रस्त्यावर उभे असतात, मागचा माणूस पन्नास फुटांवर असतो. डोळ्यांतील भाव त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे अभिनयाचा सारा भार मान, खांदे आणि हात यांवर येतो. हालचाल मोठी करावी लागते आणि मोठ्या हालचालीला दमही अधिक लागतो.

वेळेचे बंधन कडक असते. ध्वनिक्षेपकाला एरवी रात्री दहापर्यंतच परवानगी आहे. वर्षातील ठरावीक दिवस राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते आणि त्यातील काही दिवस गणेशोत्सवाच्या वाट्याला येतात. देखावा बारा मिनिटांचा आणि मधली विश्रांती आठ मिनिटांची धरली, तर सायंकाळी सात ते दहा या वेळेत नऊ प्रयोग होतात. बारापर्यंत परवानगी असेल तर पंधरा. गौरी विसर्जनानंतर गर्दी वाढते आणि अखेरचे चार-पाच दिवस देखावे भरात असतात. म्हणजे बाजीप्रभू साकारणारा तरुण एका उत्सवात पन्नास-साठ वेळा खिंड लढवतो. रंगभूमीवरील व्यावसायिक नटालाही एका दिवसात तीनपेक्षा अधिक प्रयोग जड जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

हे काम करणारे बहुतेक जण मंडळाचेच कार्यकर्ते, महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा हौशी नाट्यसंस्थांतील मुले-मुली असतात. काही मंडळे संपूर्ण देखावाच एखाद्या कलापथकाला मानधन देऊन सोपवतात. दिवसा नोकरी किंवा महाविद्यालय, सायंकाळी पाचला रंगभूषा, मध्यरात्रीनंतर दाढी-मिशा उतरवणे आणि सकाळी पुन्हा कामावर, असा त्यांचा क्रम असतो. चेहऱ्यावर स्पिरिट गमने चिकटवलेली दाढी सलग पाच दिवस लावली आणि ओढून काढली, की हनुवटीची त्वचा सोलवटते. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला मखमली अंगरखा, जिरेटोप आणि चिलखत गणेशोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने आणि शिवजयंती अशा साऱ्या हंगामांत अनेकांच्या अंगावरून फिरलेले असते. कापडावर जरीकाम असल्याने ते वारंवार धुता येत नाही. उन्हात टाकायचे आणि अत्तर मारायचे, हाच त्यावरचा रूढ उपाय.

बंद पोशाखातील उन्हाळा

मावळ्याच्या पोशाखात निदान तोंड उघडे असते. डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या कापडी प्राण्याच्या पोशाखात ती सोयही नाही. येथे प्रश्न शरीरशास्त्राचा होतो.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असते. तोच माणूस नाचू लागला, की ही उष्णता तीन-चार पट होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. परंतु घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळावा लागतो, कारण वाळतानाच तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. जाड फोम आणि कृत्रिम केसांच्या पोशाखात आतील हवा काही मिनिटांतच बाष्पाने भरून जाते. मग घाम निथळतो, पण वाळत नाही. शरीर आणखी घाम गाळते, पाणी आणि क्षार कमी होतात, नाडी वेगाने चालू लागते. डोके जड होणे, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे येणे ही पहिली सूचना. शरीराचे आतील तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले आणि बोलण्यात असंबद्धता आली, की तो उष्माघात. त्यात मिनिटे मोलाची असतात.

बाहेर ऊन नसले म्हणजे धोका नाही, हा समज घातक आहे. जपानमधील ओसाका प्रांतातील हिराकाता पार्क या उद्यानात २८ जुलै २०१९ रोजी अठ्ठावीस वर्षांच्या एका अर्धवेळ कामगाराचा उष्माघाताने मृत्यू झाला. सुमारे पंधरा किलो वजनाचा पोशाख घालून तो नृत्याची तालीम करीत होता. वेळ सायंकाळची होती, उद्यान बंद झाले होते आणि तालीम वीसएक मिनिटांचीच होती. सूर्य मावळला तरी पोशाखातील उन्हाळा मावळत नाही, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नसराई व दुकानांची उद्घाटने असतात. आपल्याकडे हा मुद्दा अधिकच गांभीर्याने घ्यावा लागेल.

अलीकडे पंखा बसवलेले फुगीर पोशाख आले आहेत. कमरेजवळचा छोटा पंखा बाहेरची हवा आत ओढून पोशाख फुगवतो. त्यामुळे आत हवा खेळती राहते आणि वजनही कमी असते. मात्र पंखा विजेऱ्यांवर चालतो. विजेरी उतरली, की पोशाख अंगावर कोसळतो आणि आतील माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकल्यासारखा होतो. चेन बहुधा पाठीवर असते. ती उघडायला दुसराच हात लागतो.

दिसत नाही आणि बोलायचे नाही

पोशाखातील माणसाला बाहेरचे जग कसे दिसते, याची कल्पना बाहेरच्यांना नसते. प्राण्याचे मोठे डोळे केवळ शोभेचे असतात. प्रत्यक्ष पाहण्याची जागा बहुधा तोंडातील काळ्या जाळीत असते. तेथून समोरचे थोडे दिसते. खालचे आणि बाजूचे काहीच दिसत नाही. गुडघ्याएवढे मूल पायाशी आले, पायरी आली किंवा रस्त्यावर वायर आडवी असली, तर ती कळत नाही. ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात आणि फोमच्या आवरणात ऐकूही नीट येत नाही. म्हणूनच मोठ्या उद्यानांत प्रत्येक पात्रासोबत एक साधा वेश केलेला सोबती असतो. गर्दी आवरणे, पायरी सांगणे, वेळ पाहणे आणि ठरलेली खूण दिसताच पात्राला आत नेणे, हे त्याचे काम. दुकानापुढच्या विदूषकाला किंवा वाढदिवसाच्या अस्वलाला असा सोबती क्वचितच मिळतो.

दुसरा नियम मौनाचा. ज्या पात्राचा चेहरा पूर्ण झाकलेला असतो, त्याने बोलायचे नसते. मुलांना ठाऊक असलेला त्या पात्राचा आवाज वेगळा असतो. आतून अनोळखी माणसाचा आवाज आला, की मुलाचा विरस होतो. त्यामुळे आनंद, आश्चर्य, लाज, नकार हे सारे हातांनीच सांगायचे. चेहऱ्यावरचे कायमचे हसू मुखवट्याचे असते. आत पोटरीत गोळा आला, कोणी शेपूट ओढली, थट्टेने पाठीत गुद्दा घातला, तरी बाहेरून दिसते ते हसूच. कष्ट दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच, असे पाहणारा धरून चालतो. मोठ्या माणसांकडून होणारा अंगलटपणा हा याचाच एक भाग. आत कोण आहे, स्त्री की पुरुष, हे माहीत नसताना छायाचित्रासाठी घट्ट मिठी मारणाऱ्यांना आपण एका माणसाच्या अंगाशी झोंबतो आहोत, हे जाणवतही नाही.

तरीही या कामाची ओढ असते, हेही तितकेच खरे. एरवी रस्त्यावर कोणी ओळखत नाही अशा मुलाला मुखवटा चढवताच शंभर हात पुढे येतात. मंचावर महाराजांच्या वेशात पाऊल टाकताच समोरची गर्दी जयजयकार करते, वयोवृद्ध माणसेही हात जोडतात. तो नमस्कार आपल्याला नाही, हे वेशातील तरुणाला कळत असते आणि म्हणूनच त्याची मान ताठ राहते. लाजाळू मुलांना मुखवट्याआड मोकळे होता येते. पेठांतील अनेकांना रंगमंचाची पहिली चटक अशा देखाव्यांतूनच लागते.

हक्कांची लढाई

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा मिकी माऊससारख्या पात्रांचे सुरुवातीचे पोशाख बर्फावरील कसरतींच्या एका फिरत्या कार्यक्रमाकडून उसने आणलेले होते. पुढे हीच पात्रे उद्यानाची ओळख बनली. पात्र मोठे झाले, तरी आतील माणसाच्या साध्या गरजांना न्याय मिळायला बराच काळ जावा लागला. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पोशाखाखालची अंतर्वस्त्रेदेखील सामायिक असत. रोज रात्री ती धुवायला जात आणि दुसऱ्या दिवशी कोणालाही मिळत. त्यातून उवा आणि खरजेच्या तक्रारी आल्या. कामगार संघटनेने हा प्रश्न लावून धरल्यावर २००१मध्ये प्रत्येकाला स्वतःची अंतर्वस्त्रे मिळू लागली आणि ती घरी नेऊन धुण्याची मुभाही. ही मागणी ऐकताना हसू येते. पण भाड्याचा अंगरखा घालणाऱ्या येथील मावळ्याला त्यातील गांभीर्य सहज कळेल.

त्यानंतरचा टप्पा मे २०२४चा. डिस्नेलँडमधील पात्रे आणि मिरवणुकीतील कलाकार अशा सुमारे १७०० जणांच्या गटाने संघटित होण्याच्या प्रश्नावर मतदान केले. ९५३ मते बाजूने, तर २५८ विरोधात पडली आणि नटांच्या 'ॲक्टर्स इक्विटी' या जुन्या संघटनेकडे त्यांचे प्रतिनिधित्व गेले. पोशाखातील माणूस हा नट आहे, ही मान्यता त्यातून मिळाली.

आपल्याकडे माथाडींसाठी १९६९चा आणि घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी २००८चा स्वतंत्र कायदा आहे. सोंग घेऊन पोट भरणाऱ्यासाठी तसे स्वतंत्र मंडळ नाही. कामाचे तास आणि विश्रांती यांविषयी राज्याचा दुकाने व आस्थापनांचा २०१७चा कायदा आहे. परंतु छोट्या आस्थापनांना त्यातील बरीच कलमे लागू होत नाहीत आणि दिवसाच्या बोलीवर आलेला विदूषक बहुधा दुकानाचा नसतोच. तो कार्यक्रम ठरवणाऱ्या ठेकेदाराचा असतो. काम झाले, पैसे हातात पडले, संबंध संपला. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण त्याच्याइतकी कोणाला कळणार?

काय करता येईल?

यातील पुष्कळसे उपाय खर्चाचे नाहीत. पूर्ण झाकलेल्या पोशाखात एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक काळ ठेवू नये आणि उन्हाळ्यात हा अवधी आणखी कमी करावा. त्यानंतर मुखवटा पूर्ण उतरवून सावलीत, पंख्याखाली तितकीच विश्रांती द्यावी. नुसते पाणी न देता मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक द्यावे. सोबती अनिवार्य मानावा आणि 'मला बाहेर काढा' ही खूण आधीच ठरवावी. नवशिक्याला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ उभे करू नये. उष्णतेची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते, एका दिवसात नव्हे. चक्कर आल्यास आधी मुखवटा आणि पोशाख उतरवावा, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी न ओतता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जिवंत देखाव्यांपुरते मंडळांना आणखी एक करता येईल. प्रमुख भूमिकांसाठी दोन संच तयार ठेवावेत, म्हणजे प्रयोग आलटून-पालटून होतील. तलवारबाजी आणि उंचावरून पडण्याचे प्रसंग थकलेल्या शेवटच्या तासात अपघाताला निमंत्रण देतात. मंचाखाली गादी आणि तलवारीला बोथट धार या गोष्टी तपासण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी.

विम्याचा मार्गही खुला आहे. मुंबईत किंग्ज सर्कल येथील जीएसबी सेवा मंडळाने २०२५च्या उत्सवासाठी सुमारे ४७४ कोटी रुपयांचा विमा उतरवला होता. त्याची चर्चा दागिन्यांमुळे झाली. पण त्यातील मोठा हिस्सा स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी यांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा होता. प्रत्येक मंडळाला एवढी झेप शक्य नाही. मात्र प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. वयोमर्यादा १८ ते ७० आणि बँकेत खाते हवे. वर्षभर हेच काम करणाऱ्यांना २०२१मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर असंघटित कामगार म्हणून विनामूल्य नोंदणी करता येते. त्यासाठी वय १६ ते ५९ असावे लागते. वर्गणीच्या हिशेबात पोशाखाचे भाडे जसे धरले जाते, तसाच पोशाखातील माणसाचा हप्ता धरला, तर कोणत्याही मंडळाचा देखावा लहान होणार नाही.

अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघते, मंच उकलले जातात, जिरेटोप आणि अंगरखे गाठोड्यात बांधून ड्रेपरीवाल्याकडे परत जातात. खान आणि मावळे दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या कामावर हजर होतात. हनुवटीवरचे लाल चट्टे मात्र आठवडाभर राहतात. तोवर दुकानांपुढे दसरा-दिवाळीची गर्दी सुरू होते आणि विदूषक पुन्हा हात हलवू लागतो.